रमाच्या हातचं मीठ

दर्यापूरहून मी निघाले त्या सकाळी आईने माझ्या बॅगेत जवसाची चटणी, मुगाच्या वड्या आणि भाकरींचा गठ्ठा एवढा कोंबला होता, की काळीपिवळी जीपवाल्याने बॅग टपावर चढवताना विचारलं, घरच्यांनी दगडं भरून देली काय. जीप अमरावतीपर्यंत, पुढे बडनेरा स्टेशन, मग मुंबई आणि मग विमान. विमानात काय खायला देतात याची आईला खात्री नव्हती आणि नेदरलँड्समध्ये लोक काय खातात याची मला नव्हती. दोघींनी मिळून त्या बॅगेची चेन तोडली आणि शेवटी ती सुतळीने बांधावी लागली.

आबा, म्हणजे माझे वडील, जरा बाजूला उभे होते. त्यांची सगळी नोकरी लाइनमन म्हणून विजेच्या खांबांवर गेली. त्यामुळे लेकीला निरोप देतानाही त्यांची नजर माझ्याकडे कमी आणि स्टँडसमोरच्या लोंबत्या तारेकडे जास्त. जीप सुरू झाली तेव्हा ते खिडकीशी आले. अभ्यास कर, पैसे जपून वापर, फोन कर, असलं काहीच बोलले नाहीत. म्हणाले, "जेवाले एकटी बसत नको जाऊ."

मला हसूच आलं. कारण एकट्याने जेवायच्या बाबतीत आमचे आबा अख्ख्या तालुक्यात प्रसिद्ध. गावोगाव तारा जोडत फिरायचे, दुपार झाली की डबा काढायचे आणि खांबाखाली, बांधावर, बाभळीच्या सावलीत एकटेच बसून खायचे. लोक बोलवायचे, लाइनमनभाऊ या, घास घ्या. आबा म्हणायचे, पोट भरलं. लग्नाला जायचे, आहेर द्यायचे, नवरानवरीवर फुलं टाकायचे आणि पंगत बसायच्या आत सायकल वळवून घरी. मग आईची तणतण ऐकावी. लोकायच्या घरची बुंदी सोडून हा मानूस मले घरी येऊन बेसन टाकाले लावते, म्हणायची. आम्ही भावंडं समजून चाललो होतो की आपला बाप तऱ्हेवाईक आहे. फक्त विहारातल्या भोजनदानाला ते पंगतीत बसायचे, आणि तिथे मात्र ऐसपैस मांडी घालून, दोनदा भात घेऊन.

तुम्ही जे तिकडे राहिलात, तुम्हाला वाटत असेल की आम्ही इकडे रोज नवंनवं खातो. काही नाही हो. शिक्षण संपून मला नोकरी लागली ती इथल्याच आइंडहोवनमध्ये, त्या ऑफिसात दुपारी लोक पावाचे दोन तुकडे काढतात, मध्ये चीजची एक पातळ चकती, आणि ते स्क्रीनकडे बघत खातात. गरम काही नाही. 'या' नाही, 'घ्या' नाही. मी पहिल्या वर्षी आबांचं ऐकायचा फार प्रयत्न केला. डबा घेऊन कोणाच्या तरी टेबलाशी जाऊन बसायची. ते लोक सभ्य, सरकून जागा द्यायचे आणि घाईने संपवून उठायचे. जे माझ्यासारखे निघून आले त्यांना ते घाईने उठणं माहीत आहे. शेवटी मीही स्क्रीनसमोर बसून खायला लागले, आणि फोनवर आबांनी विचारलं की खुशाल सांगायची, हो आबा, आम्ही सगळे मिळूनच जेवतो.

पुढे लग्न झालं. निखिल अकोल्याचा, म्हणजे उन्हाळा आमच्यापेक्षा जास्त सोसलेला आणि म्हणून डोक्याने थंड. मग रमा झाली. नाव आबांनी ठेवलं. नात झाली, आता तरी या, म्हणून मी मागे लागले. तिकिटं काढते म्हटलं, व्हिसाचं बघते म्हटलं. आबांचं एकच, "मी नाई येत. तथी मी कोनाच्या पंगतीत बसू?" मी सांगितलं, अहो आबा, इथे पंगती नसतात, ज्याचं त्याचं ताट असतं. म्हणाले, "मंग तर बिलकुलच नाई."

आता रमाचं. ही पोरगी घरी चार घास तरी खायची, बाहेर एकही नाही. आणि आम्हाला दोघांना फिरायची हौस. युरोपात सुट्टी आली की ट्रेन पकडा, दुसऱ्या देशात उतरा, एवढं जवळ आहे सगळं. पण लहान पोराला घेऊन परदेशात हॉटेलात जेवणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच विचारा. आधी उंच खुर्ची मागा. मग रंगखडू आणि कागद येतो, तो ती खाते. मग चमचा पडतो, दुसरा आणतात, तोही पडतो. किड्स मेन्यू म्हणजे प्रत्येक देशात बटाट्याचे तळलेले काप, आणि आमच्या बाईसाहेबांना नेमके तेच नकोत. ब्रसेल्समध्ये ती टेबलाखाली जाऊन बसली. पॅरिसमध्ये तिने वेटरला मराठीत विचारलं, भाकर आहे का. बाजूचे लोक बघतात, कपाळाला आठी घालत नाहीत पण घालायची राहिलेली दिसते. मग निखिल मोबाइलवर कार्टून लावणार आणि मी तिच्या तोंडाशी घास धरून बसणार. आम्हा दोघांचं अन्न थंड, बिल मात्र गरम. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, वजन जरा कमी आहे, पण काळजी करू नका. काळजी करू नका म्हटल्यावर कोण आई ऐकते?

गेल्या हिवाळ्यात आम्ही दर्यापूरला गेलो, तेव्हा विहाराच्या वर्धापनदिनाचं भोजनदान होतं. मोठे गंज चुलीवर चढलेले, वांग्याची भाजी, वरण, भात, बुंदी. आमच्या विहारात एक रीत आहे. पानावर सगळ्यात आधी मीठ पडतं, आणि ते वाढतं ते चालता येणारं सगळ्यात लहान पोर. लहानपणी मीही वाढलंय, माझ्या भावाने वाढलंय. त्या दिवशी सगळ्यात लहान निघाली रमा.

आबांनी तिला सकाळपासून शिकवलं. पायातलं काढायचं. वाकायचं. तीन बोटांची चिमूट घ्यायची, पानाच्या वरच्या कडेला ठेवायची आणि 'मीठ घ्या' म्हणायचं. समोरचा गप्पांत असला, त्याचं लक्ष नसलं, तर? "घाई नाई कराची," आबा म्हणाले. "थांबाचं." आणि ही पोर, जिला आम्ही कधी एका जागी थांबलेली पाहिली नव्हती, ती स्टीलची वाटी छातीशी धरून सबंध पंगतभर फिरली. प्रत्येकासमोर वाकली. प्रत्येकाने तिच्याकडून घेतलं. मग स्वतःच एका रिकाम्या पानावर बसली आणि वरणभात जेवली. भाजी मागून घेतली. 

हात धुऊन मी आबांजवळ विहाराच्या पायरीवर बसले आणि सहज विचारलं, "आबा, मीठ लहान पोट्ट्यानंच कावून वाढाचं?" इतकी वर्षं मला हा प्रश्न पडलाच नव्हता.

आबांनी सांगितलं. छप्पन सालाच्या आधीची, दीक्षेच्या आधीची गोष्ट. शिवाशिवीचे दिवस. ते तेव्हा रमाएवढेच असतील. गावातल्या एका मोठ्या घरी लग्न होतं आणि आपल्या लोकांना लाकडं फोडायला, पाणी ओढायला बोलावलं होतं. जेवण मिळायचं, पण सगळ्यांच्या शेवटी आणि गोठ्यापलीकडे. अंगणात पंगत बसली होती आणि त्या घरची पोरं मीठ वाढत होती. आबांना वाटलं, हे तर आपल्याला पण येतं. कोपऱ्यात मिठाची एक वाटी ठेवलेली होती, ती त्यांनी उचलली आणि पंगतीच्या टोकाला जाऊन वाकले. पहिल्या माणसाने पानावर हात आडवा धरला. ते दुसऱ्याकडे सरकले, त्यानेही धरला. मग तिसऱ्याने. मग त्यांनी मान वर करून पाहिलं तर सबंध पंगत पानावर हात धरून बसलेली. त्यांची आई धावत आली आणि त्यांना बखोटीला धरून घेऊन गेली. ती वाटी कोणीतरी उकिरड्यावर टाकली.

"कोनी मारलं नाई," आबा म्हणाले. "कोनी शिवी नाई देली. फक्त हात. आन मीठ तर त्याइचंच होतं वं."

मग दीक्षा झाली. वस्तीने पहिल्यांदा आपलं आपण एकत्र जेवण केलं, तेव्हा त्यांच्या आजीने तीच गोष्ट आठवणीत ठेवून मिठाची वाटी त्यांच्याच हातात दिली आणि म्हणाली, वाढ. त्या दिवशी प्रत्येकाने त्यांच्याकडून मीठ घेतलं. काहींनी परत बोलावून पुन्हा घेतलं. आबा हसून म्हणाले की भाजीत आधीच मीठ होतं, सगळ्यांची तोंडं खारट झाली असतील, पण नाही कोणी म्हणालं नाही. तेव्हापासूनची ही रीत.  खांबाखालचा डबा, लग्नातून वळवलेली सायकल, तथी मी कोनाच्या पंगतीत बसू, सगळं मला त्या पायरीवर एकदम कळलं, आणि आपण या माणसाला तऱ्हेवाईक म्हणत होतो म्हणून मी रडले. आबा म्हणाले, रडू नको, बुंदी खाय.

मग आम्ही आइंडहोवनला परत आलो, रमा घरी जरा बरी खायला लागली, पण बाहेर तेच ते. आणि मग या वर्षीच्या सुट्टीत आम्ही पोर्तुगालला गेलो.

उत्तरेकडचं नदीकाठचं लहानसं गाव होतं. रविवार होता, सगळं बंद, एकच खानावळ उघडी. आत गेलो तर लांबच लांब टेबलं, त्यांवर पांढरा कागद अंथरलेला, आणि दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. आज्या, आजे, सुना, कडेवरची पोरं. चर्चमधून थेट आलेली दिसत होती, कपडे इस्त्रीचे. आवाज तर एवढा की मला आमच्याकडच्या लग्नघराची आठवण झाली. मालकीणबाई अ‍ॅप्रन बांधून फिरत होत्या. त्यांनी आम्हाला भिंतीकडचं छोटं टेबल दिलं आणि पाव, ऑलिव्ह आणि मातीच्या वाटीत जाडं मीठ ठेवून गेल्या. जेवणाला वेळ होता. मी सवयीने मोबाइल काढायला पर्समध्ये हात घातला.

वर पाहिलं तर खुर्ची रिकामी. टेबलाखाली रमाचे बूट, त्यात मोजे नीट खोचलेले. वाटी गायब.

रमा अनवाणी पायांनी मोठ्या टेबलाच्या टोकाला पोचली होती. वाटी छातीशी धरलेली. तिने काय पाहिलं असेल ते मला त्याच क्षणी समजलं. लांब रांग, पांढरा कागद, शेजारी शेजारी बसलेली माणसं. तिच्या हिशेबाने पंगत बसली होती आणि मीठ अजून कोणी वाढलं नव्हतं. आणि इथे चालणाऱ्यांत तीच सगळ्यात लहान.

निखिल उठायला लागला. मी त्याचा हात धरला. का धरला ते मला आजही नीट सांगता येणार नाही.  एक सावळी, परकी पोरगी, अनवाणी, बोटं घालून अनोळखी माणसांना मीठ वाढायला निघालीय. यांना काय माहीत दर्यापूर, काय माहीत आबा. कोणी नको म्हटलं तर त्यात वावगं काय? पोराची बोटं आहेत, कुठे कुठे लागलेली, मीसुद्धा नको म्हटलं असतं. हे सगळं डोक्याला कळत होतं. पोटाला कळत नव्हतं. पोटात एकच, हिच्यासमोर कोणी हात आडवा धरायला नको. बाकी जगात माझं काही मागणं नव्हतं त्या वेळी.

टोकाला एक धिप्पाड बाई बसली होती. रमा तिच्याजवळ वाकली आणि स्पष्ट म्हणाली, "मीठ घ्या." बाईने तिच्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं. मग ताटली पुढे सरकवली. रमाने चिमूट ठेवली, अगदी वरच्या कडेला. बाई काहीतरी बोलली, तिच्या शेजारच्या पुरुषाने आपली ताटली हातात उचलून खाली रमाच्या उंचीला धरली. त्याच्या पुढच्या मुलीने धरली. टेबलावरच्या गप्पा हळूहळू थांबल्या. अजून त्यांच्या ताटल्यांत काही नव्हतं, नुसती पांढरी रिकामी काच, आणि त्यावर एकेक चिमूट मीठ पडत चाललं होतं. असं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मालकीणबाई हातात सूपाचं भांडं घेऊन दारातच थांबल्या होत्या, त्यांनीही कोणाला वाढायची घाई केली नाही.

आणि मग कोपऱ्यात एक म्हातारा होता. काळा कोट, जाड हात, शेतीतला माणूस वाटावा असा. रमा त्याच्यासमोर वाकली. त्याने ताटलीवर हात आडवा धरला.

 मी तोंडावर हात दाबला. निखिल मला काहीतरी विचारत होता ते ऐकूच येईना. मला ते अंगण दिसत होतं, जे मी कधी पाहिलंच नाही.

रमाला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला आबांनी एवढंच शिकवलं होतं की समोरच्याने घेतलं नाही तर घाई करायची नाही. म्हणून ती थांबली. वाकलेली, चिमूट बोटांत धरून, त्याच्या तोंडाकडे बघत. म्हातारा तिच्याकडे बघत होता. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने स्वतःच्या छातीवर बोट ठेवून आम्हाला दाखवलं आणि मान हलवली. हृदय. डॉक्टर. मीठ बंद. मला कळलं. मी उठले, रमाला आता उचलून घ्यावं म्हणून.

तेवढ्यात म्हाताऱ्याने हात उचलला, उलटा केला आणि तळवा वर करून तिच्यासमोर धरला. त्याची बायको काहीतरी रागावली. त्याने तिकडे लक्षच दिलं नाही. रमाने चिमूट त्याच्या तळव्यावर ठेवली. त्याने ती जिभेला लावली, डोळे मिटले आणि तिला मान लववून काहीतरी म्हणाला. धन्यवादच असणार, दुसरं काय.

मग काय बाप्पा, पलीकडच्या टेबलांवरून हाका सुरू झाल्या. मालकीणबाईंनी वाटी पुन्हा भरून दिली. रमा सगळी खानावळ वाढून आली आणि परत यायच्या ऐवजी त्या म्हाताऱ्याच्या शेजारी खुर्चीवर चढून बसली. आम्हालाही सरकून जागा झाली. भात, राजम्यासारख्या दाण्यांची उसळ, उकडलेले बटाटे, मासे. रमा जेवली. कार्टून नाही, घास भरवणं नाही. बटाटा हाताने कुस्करून, भातात कालवून, बोटं चाटून. मी शेजारच्या त्या धिप्पाड बाईच्या खांद्याला खांदा लावून जेवत होते आणि माझे डोळे वाहत होते, आणि ती न विचारता मला पाव देत होती.

बाहेर आल्यावर नदीच्या कठड्याशी बसून मी दर्यापूरला फोन लावला. तिकडे संध्याकाळ झालेली. आबांना सगळं सांगितलं, पहिल्यापासून.  शेवटी त्यांनी विचारलं, "सगळ्यायनं घेतलं?"

मी म्हटलं, सगळ्यांनी. एका म्हाताऱ्याने आधी हात आडवा धरला होता.

  मग आबा म्हणाले, "मंग?"

"मंग त्यानं हात उलटा केला, आबा. तळव्यावर घेतलं."

 आबा म्हणाले, पोट्टीले फोन दे. रमाला त्यांनी एवढंच विचारलं की जास्त तर नाही ना वाढलं कोणाला. ती म्हणाली, नाही आबा, चिमूटच. आणि तिकडे फोन माझ्या आईच्या हातात गेला. आई म्हणाली, हे तर चप्पल घालून बाहेर चालले, काय सांगतलं वं तू त्याइले?

मला इकडे लोक विचारतात, तुमचं घर कुठे. आधी मी दर्यापूर सांगायची. मग रमाच्या शाळेच्या कागदांवर आइंडहोवन लिहायला लागले, आणि लिहिताना चोरी केल्यासारखं वाटायचं. आता नाही वाटत. तुम्ही तिकडे राहिलेल्यांनो, रागावू नका. मला एवढंच कळलंय की आपल्या पोराच्या हातचं जिथे घेतात, तिथे बूट काढून बसायला हरकत नाही. रविवारी आता आम्ही शेजारच्यांना जेवायला बोलावतो. गरम जेवण, दुपारी, याची त्यांना अजून सवय होतेय. रमा अनवाणी फिरते.

नदीकाठच्या त्या फोननंतर दुसऱ्याच दिवशी सकाळी माझा फोन वाजला होता. आबांचा. आबा स्वतःहून कधी फोन करत नाहीत, त्यामुळे मी घाबरूनच उचलला. त्यांनी विचारलं, पासपोर्ट काढायला काय काय लागतं.

मला एवढा आनंद झाला की चेष्टा केल्याशिवाय राहवेना. मी म्हटलं, पण आबा, इथे तुम्ही कोणाच्या पंगतीत बसणार?

"त्या म्हाताऱ्याच्या बाजूले," आबा म्हणाले.